बाबूजींची झील

सौंदडच्या स्टेशनावर मला सोडायला बाबूजी, माय आणि माझा भाऊ सुरेश आले होते. गोंदियाकडे जाणारी गाडी यायची होती. मी नागपूरच्या दवाखान्यात सात वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई, पण त्या दिवशी मायच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडत होते. बाबूजींनी एकदा रुळांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि म्हणाले, "आता रडून नका राहू. गाडी दोनच मिनिटं थांबते, तुमचं काई तेवढ्यात होत नाई." फलाटावरची अनोळखी माणसंही हसली. मग मीही हसले आणि डोळे पुसत डब्यात चढले. पुढे गोंदिया, मग मुंबई, मग दोन विमानं, आणि शेवटी भर समुद्रातलं होनोलुलू. तिथे वृद्धांच्या एका केअर होममध्ये मला नोकरी लागली होती.

जे सौंदडला राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे. राहिलेल्यांना वाटतं की गेलेले सगळं विसरले. गेलेल्यांना वाटतं की आपण गेल्यावर मागे लक्षात ठेवणारं कोणी उरलं नाही. दोघांचंही चुकतं. हे मला माझ्या बापाने, बाबूजींनी शिकवलं, तेही ते वारल्यानंतर.

बाबूजी दंडारीतले कलाकार होते. ज्यांनी दंडार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लग्न होऊन गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, आणि भर दुपारी मोकळ्या जागेत गाण्यानाचण्याचा, सोंगांचा खेळ होतो. ती दंडार. बाबूजींचं सोंग ठरलेलं होतं, तलावाच्या पाण्यावर पहारा द्यायला बसवलेला आणि बसल्या जागी घोरणारा राखनदार. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, त्यामुळे पाण्याची चेष्टा करायचा हक्कही आमचाच, असं ते म्हणत. वर्षभर धानाच्या बांधीत चिखल तुडवणारा हा माणूस मंडईचे आठ-दहा दिवस राजा असायचा. गोंदियाच्या बाजारात त्यांना नुसतं पाहूनच लोक हसायला लागत. "वो देखो, राखनदार आया," असं भाजीवालेसुद्धा म्हणत. लहानपणी मला या गोष्टीचा इतका गर्व होता की शाळेत मी कोणालाही नाव न सांगता नुसतं राखनदाराची पोरगी म्हणून सांगायची.

दंडारीचं गाणं कोणी एकटा म्हणत नाही. मुख्य गाणारा ओळ अर्ध्यावर सोडतो आणि मागे उभे असलेले झीलकरी ती पुरी करतात. त्याला झील धरणं म्हणतात. बाबूजी विचारणार, "बोडीच्या पाळीवर कोन उभा?" आणि मागून उत्तर येणार, "पान्याचा राखनदार, गा, पान्याचा राखनदार." बोडी म्हणजे लहान तलाव आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. बाबूजींची सगळी गाणी त्यांनीच रचलेली आणि एकही कागदावर नाही. मंडळी तालमीला जमायची ती दसऱ्यानंतर. उरलेलं वर्ष बाबूजी घरी, बांधीत, बैलांमागे गुणगुणायचे आणि त्यांना झील धरायला माणूस लागायचा. सुरेशचा आवाज फाटका होता. माय म्हणायची, मले काम आहे. मग उरले मी. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, चिखलात वाकून मी झीला म्हटल्या, धान पाखडताना म्हटल्या, नर्सिंगच्या परीक्षेला पाठांतर करतानासुद्धा म्हटल्या. मंडईत मात्र मी बायकांच्या घोळक्यात बसायची, कारण दंडारीत मागे उभे राहायचे ते पुरुष. मला त्याचा राग यायचा. बाबूजींना एकदा विचारलंही, तर म्हणाले, गाव अजून तेवढं शहाणं झालं नाही.

होनोलुलूत पहिल्याच आठवड्यात मला बरं वाटायला लागलं, त्याला दोन कारणं. एक म्हणजे तिथे भाताशिवाय कोणाचं जेवण होत नाही. भात चिकट असतो, आमच्या चिन्नोर तांदळाची सर त्याला नाही, पण भात तो भात. दुसरं म्हणजे तिथे कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला अंकल आणि बाईला आंटी म्हणतात, नातं असो वा नसो. माझ्या वॉर्डात एक अंकल होते. त्यांच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. अख्ख्या बेटाला ते माहीत होते. अननसाच्या मळ्यावर मजुरी करणाऱ्या बापाचा हा मुलगा उकुलेले वाजवत हॉटेलांत गायला, लोकांच्या लग्नांत गायला, आणि गाता गाता पाहुण्यांची अशी टर उडवायचा की लोक पोट धरून हसायचे. त्यांचे जुने अलोहा शर्ट घडी घालून ठेवताना मला बाबूजींच्या सोंगाची पगडी आठवायची.

अंकलच्या चार्टवर कोणीतरी लिहून ठेवलं होतं की पेशंट गाताना मध्येच थांबतो, पुढचं आठवत नाही. मी दोन दिवस ऐकलं. ते दोन-तीन शब्द मोठ्याने म्हणत, उकुलेले वाजवत राहत आणि गप्प बसत. पण हाताची लय सुटत नव्हती. विसरलेल्या माणसाचा हात आधी अडखळतो, हे मी राखनदाराच्या घरात वाढल्यामुळे मला माहीत होतं. अंकलची लेक भेटायला आली तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे गाणारा पुढच्या कडव्याचे पहिले शब्द पुकारतो, म्हणजे सगळ्यांना ते उचलता येतं. त्याला काहेआ म्हणतात. म्हणजे म्हातारा विसरत नव्हता, आम्हा सगळ्यांची वाट पाहत होता. मी तिच्याकडून चार गाण्यांचे शब्द देवनागरीत लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी अंकल थांबले तिथून उचललं. माझे उच्चार भयंकर असणार, कारण ते हसता हसता खोकले. पण गाणं शेवटपर्यंत गेलं. चार्टवरचं ते वाक्य मी डॉक्टरांना सांगून बदलून घेतलं. नोकरीत मी बरीच कामं केली, त्यात हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

अंकल गेले तेव्हा समुद्रकाठी एवढी माणसं जमली की रस्ता बंद करावा लागला. त्यांची गाणी सगळ्यांना येत होती, अगदी पोलिसालासुद्धा. मी घरी फोन करून बाबूजींना हे सांगितलं. तोवर त्यांना पक्षाघाताचा एक झटका येऊन गेला होता आणि जीभ जड झाली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "मागून म्हननारे होते का?" मी म्हटलं, हजारो. "मंग बरं झालं त्याचं," असं म्हणाले आणि फोन मायकडे दिला. मला त्या रात्रपाळीत काम सुचलं नाही. माझ्या बापासाठी मागून कोण म्हणेल, हाच विचार डोक्यात.

पुढल्या रोवणीच्या दिवसांत बाबूजी गेले. दोन विमानं आणि दोन गाड्या करून मी पोचले ती तेरवीच्या आदल्या दिवशी. गावात सगळे बाबूजींचं चांगलंच बोलत होते, पण त्याला एक शेपूट जोडलेलं असायचं, बिचाऱ्याला शेवटी गाणी आठवत नव्हती. मी सुरेशला विचारलं, हे कोणी ठरवलं? त्याने मोबाइल पुढे केला. गेल्या उन्हाळ्यात त्याने बाबूजींना अंगणात बसवून त्यांची अकरा गाणी रेकॉर्ड केली होती. ती गावभर फिरली होती, आणि प्रत्येक गाण्यात बाबूजी अर्ध्या ओळीवर थांबत होते. झटक्यानंतरचं थांबणं म्हणजे विसरणंच, असं सगळ्यांनी धरलं होतं. देवाजीकाकांनी, म्हणजे दंडारीत आयुष्यभर बाबूजींची ढोलकी वाजवलेल्या माणसाने, ते ऐकून मंडई समितीला सांगून टाकलं होतं की अर्ध्या गाण्यांवर दंडार उभी राहत नाही. जुने झीलकरी दोघे वारले, एक मुलाकडे सुरतेला. यंदा डीजे लावा, असं ठरत आलं होतं.

मी मोबाइल घेऊन तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. पहिलं गाणं लावलं. बोडीच्या पाळीवर कोन उभा? मग शांतता. मांडीवर हाताचा ठेका ऐकू येत होता, एक, दोन, तीन, चार, जराही न चुकता. मग पुढची ओळ. मी रडायलाही विसरले. परत लावलं आणि त्या शांततेत झील म्हटली. शेवटची मात्रा संपायला आणि बाबूजींची पुढची ओळ सुरू व्हायला एक गाठ पडली. अकराही गाणी अशीच. एक ठेका कमी नाही, एक जास्त नाही. झटका आलेला, जीभ जड झालेला माझा बाप अकरा गाण्यांत प्रत्येक झिलेची जागा मोजून सोडून गेला होता. मला इतका अभिमान वाटला की मी पाळीवर उभी राहिले. कोणाला सांगावं ते कळेना, समोर फक्त बगळे होते.

सुरेशकडे गेले आणि विचारलं, अंगणात तेव्हा कोणकोण होतं? त्याने सांगितलं, माय होती, देवाजीकाका होते, शेजारपाजारची सात-आठ माणसं होती. मग एकाच्याही तोंडून आवाज काऊन नाही? सुरेश म्हणाला, "मीच सांगतलं ना सगळ्यायले चूप राहा म्हनून. रेकॉर्डिंग साफ यावं म्हटलं." तो चांगला मुलगा आहे. त्याचा चेहरा बघवेना, म्हणून मी उठून देवाजीकाकांकडे गेले आणि त्या मोकळ्या जागा झिलेसाठी सोडलेल्या आहेत हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. तू परदेशातून आली, तुला बापाचं सगळं गोडच वाटणार, म्हणाले. मी सुट्टी संपवून परत गेले आणि जाताना समितीला एवढंच बजावलं की दिवाळीनंतर मी येते, तोवर डीजेवाल्याला विसार देऊ नका.

त्या वर्षीची दुसरी सुट्टी मिळवायला मी कोणाकोणाच्या पुढच्या ख्रिसमसच्या शिफ्ट अंगावर घेतल्या ते सांगत नाही. मंडईच्या दिवशी दुपारी शाळेमागच्या मैदानात भोंगा बांधला. बाबूजींचाच आवाज लावायचा आणि झील मी धरायची, असं ठरलं. आमच्या दंडारीत मागे उभी राहिलेली मी पहिली बाई. साडीचा पदर खोचून मी जागेवर उभी राहिले. देवाजीकाका ढोलकी घेऊन बसले होते, पण ती शेजारी जमिनीवर ठेवून, हात न लावता.

भोंग्यातून बाबूजींनी विचारलं, "बोडीच्या पाळीवर कोन उभा?" मी झील उचलली. माझा आवाज पहिल्यांदा चिरकला. दुसऱ्या ओळीला सरळ आला. तिसऱ्या ओळीला मला वाटलं भोंगा घुमतोय, कारण माझ्याच शब्दांना मागून आवाज येत होता. वळून पाहिलं. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणत होतं. मग आणखी कोणी. सुरतेला गेलेल्या झीलकऱ्याची लेक, साकोलीला दिलेली. वारलेल्या दोघांच्या लेकी, एक देवरीची, एक पार नागपूरची. देवाजीकाकांची स्वतःची लेक, मांडीवर लेकरू घेऊन. ज्या ज्या घरात तालीम व्हायची त्या त्या घरात चुलीपाशी, सुपापाशी एक पोरगी झील धरत होती, आणि मी इतकी वर्षं समजत होते की अशी मी एकटीच. त्या सगळ्या लग्न होऊन कुठे कुठे गेल्या होत्या आणि सगळं घेऊन गेल्या होत्या. आता ती सगळी मंडई मागून म्हणत होती.

देवाजीकाकांनी ढोलकी मांडीवर ओढली आणि ठेका धरला. अकरावं गाणं संपलं तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली, माझ्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तो कई चुकला नाई. आमीच चूप बसलो होतो."

लोक मला विचारतात, तुझं घर आता कोणतं, इथलं की तिथलं? मी नोकरी तिथे करते, भात तिथे शिजवते, म्हातारपणही कदाचित तिथेच जाईल. पण सौंदडला एक माणूस ओळ अर्ध्यावर सोडून थांबलेला आहे, आणि ती पुरी करायला दर मंडईला मला यावं लागतं.