संध्याकाळची लाथ

मेलिआमेला कुणी कधी "दमलीस का?" असं विचारलं नव्हतं. न दमलेली मेलिआमे वावाऊ बेटावरच्या त्या गावात कुणी पाहिलीच नव्हती, मग विचारणार तरी कोण?

लग्न होऊन ती सेमिसीच्या घरात आली आणि त्या घरच्या प्रत्येक कार्यात तिची जागा ठरून गेली. मागे, धुराजवळ. लग्न असो की मयत, पुढे चटयांवर नवऱ्याच्या बहिणी बसायच्या आणि भावाची बायको मागच्या अंगणात अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं घट्ट दूध बांधत बसायची. यात अपमान कसला? माहेरी तिच्या भावांच्या बायका हेच करत आणि तिथे चटईवर मेलिआमे बसे. आमच्या बेटांवर प्रत्येक बाईच्या वाट्याला दोन प्रवेश येतात, एक पुढचा आणि एक मागचा. मेलिआमेचं माहेर मात्र दुसऱ्या बेटावर, बोटीच्या वाटेवर. त्यामुळे पुढचा प्रवेश वर्षातून एखादा आणि मागचा रोज.

तिचा एक शब्द साऱ्या गावाच्या ओळखीचा होता. हो. पाद्रीबाईंनी विचारलं, मुलांच्या जेवणाचं बघशील का, हो. शेजारणीने विचारलं, माझ्या वाटच्या साली कापडासाठी कुटून ठेवशील का, हो. नाही म्हणायचं तर त्याचं कारण सांगत बसावं लागतं, आणि तेवढी ताकद तिच्यात उरलेली नसायची.

आता छत्तिसाव्या वर्षी तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीच्या दोन मुली. थोरलीच्या वेळी पोटावर चहाचा पेला ठेवला तर तो हिंदकळायचा. बायका मुद्दाम बघायला यायच्या. या खेपेला पाचवा महिना सरला तरी पोट गप्पच. ती नेआफूच्या इस्पितळात गेली. नर्स आकेसाने पोटावर यंत्र फिरवलं आणि सांगितलं की बाळ चांगलं आहे, पण नाळेची वार पुढच्या बाजूला आहे, पोट आणि बाळ यांच्या मध्ये. लाथा बसतात त्या वारेवर, म्हणून तुला लागत नाहीत.

मेलिआमेला ते चटकन कळलं. तुतीच्या साली कुटताना साल एकेरी असली की मोगरीचा आवाज खणखणीत येतो, आणि तीच साल घड्या घालून जाड केली की आवाज दबून जातो. मोगरी तीच, हातही तोच.

आकेसाने पुढे जे सांगितलं ते मेलिआमेकडून दोनदा म्हणवून घेतलं. कुशीला आणि खाली ओटीपोटाशी लक्ष ठेव. दुसरीच्या पोटाशी तुलना करू नकोस. तुझ्या बाळाची जी काही सवय असेल ती तू ओळख, आणि ती बदलली तर त्याच दिवशी ये. वार पुढे आहे म्हणून असेल, असं म्हणत घरी बसू नकोस.

मेलिआमे म्हणाली, हो.

आणि सवय सापडली. उजव्या कुशीला, पार मागे, कंबरेच्या खोबणीशी एक हलकीशी ढुशी. दोन वेळा ठरलेल्या होत्या. एक, दुपारी जेवून आडवं झालं की. दुसरी, चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावरच्या पुरुषांनी खालचा सूर धरला की. पुढून पाहणाऱ्याला काहीच दिसायचं नाही. नाटकात पडदा पडलेला असतो आणि मागे पात्रांची धावपळ चाललेली असते. ती फक्त विंगेत उभ्या असलेल्याला कळते, तसं. मेलिआमे विंगेत उभी होती. दमलेल्या अंगाला तेवढी एकच गोष्ट तिची स्वतःची होती.

मग वन्सं आल्या.

कालोलाईने, सेमिसीची मोठी बहीण. ऑकलंडमध्ये म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिसरी घंटा झाल्यावर नाट्यगृह जसं गप्प होतं, तसं तिचं पाऊल पडलं की ते घर गप्प व्हायचं. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. बाळाचं नाव ती ठेवणार, समारंभात उत्तम चटई तिची, डुकराचा उत्तम भाग तिचा. आणि बहीण घरात असली की भावाने तिच्यासमोर लोळायचं नाही, चावट बोलायचं नाही, आणि बायकोच्या पोटाबद्दल तर अवाक्षरही काढायचं नाही. त्यामुळे वन्संच्या बॅगा दारातून आत आल्या आणि सेमिसी आपली उशी घेऊन चुलतभावाच्या घरी राहायला गेला. जेवणापुरता यायचा, पायरीवर बसून जेवायचा, जायचा.

कालोलाईने वाईट बाई नव्हती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. दोन्ही भाच्यांच्या जन्माच्या वेळी तिला रजा मिळाली नव्हती, नावं फोनवरून सांगावी लागली होती. या वेळी तिने तीन महिन्यांची रजा मागून घेतली होती, आणि नाव मनात धरून आली होती. ते ती कुणाला सांगत नव्हती. आधी बाळाशी ओळख होऊ दे, म्हणायची.

ओळख म्हणजे काय ते पहिल्याच संध्याकाळी कळलं. घरची प्रार्थना आटोपल्यावर कालोलाईनेने मेलिआमेला समोर बसवलं, तळहाताला खोबरेल लावलं आणि हात पोटावर ठेवला. बरोबर मधोमध, बेंबीवर. डोळे मिटले. मुली बघत होत्या, शेजारणी दारात थांबल्या होत्या. बराच वेळ गेला. काही नाही. कालोलाईनेने डोळे उघडले. सत्तर माणसांच्या स्वयंपाकावर हुकूम चालवणारी ती बाई एकाएकी बापुडवाणी दिसायला लागली.

"रुसलंय का गं माझ्यावर?" तिने विचारलं.

वारेचं सगळं सांगायचं तर फार बोलावं लागलं असतं. दिवसभर साली कुटून मेलिआमेचे खांदे भरून आले होते, आणि ते कापडही वन्संनाच द्यायचं होतं. ती म्हणाली, "छे हो, वन्सं. आत्ताच मारली की. तुमचा हात लागला तशी."

"मला नाही लागली."

"हळू मारली. मान ठेवून."

शेजारणी हसल्या. कालोलाईने खुलली. त्याच संध्याकाळी तिने ऑकलंडला फोन लावून सांगितलं की बाळाने आत्याला सलाम केला.

झालं, रोजचा खेळ लागला. प्रार्थना, खोबरेल, हात, लाथ. चौथ्या-पाचव्या दिवशी कालोलाईनेचा चेहरा पुन्हा पडायला लागला, तेव्हा मेलिआमेने श्वास रोखला आणि पोटाचे स्नायू आतून झटकन आवळून सोडले. कालोलाईनेच्या तळहाताखाली काहीतरी उडालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मागे फिरणं नव्हतंच. मेलिआमे रोज संध्याकाळी, सगळी कामं उरकल्यावर, उरलीसुरली ताकद पोटात गोळा करायची आणि एक लाथ मारून दाखवायची. कधी दोन. शेजारणींपैकी एकजण म्हणाली की पोरगं आत्तापासून आत्याच्या बॅगेवर डोळा ठेवून आहे.

सेमिसीला तिने हे पाण्याच्या टाकीमागे सांगितलं. तो हसून हसून वाकला, मग गंभीर झाला. खरं सांगून टाक, म्हणाला. तूच सांग ना, बहीण तुझी, असं ती म्हणाल्यावर तो टाकीकडे बघत राहिला. मी कसं सांगणार, त्याने विचारलं. दोघांनाही ठाऊक होतं की तो नाही सांगू शकणार.

इस्पितळात पुढच्या तपासणीला वन्सं सोबत होत्या. आकेसाने विचारलं, बाळाच्या हालचालीत काही बदल? मेलिआमेच्या आधी कालोलाईनेनेच उत्तर दिलं: रोज संध्याकाळी, माझ्या हाताखाली, घड्याळ लावून घ्यावं अशी लाथ. आकेसाने मेलिआमेकडे पाहिलं. मेलिआमे म्हणाली, हो. उजव्या कुशीतली ढुशी तेव्हा जागेवर होती, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं.

आठवा महिना लागला. रविवार आला. रविवारी आमच्याकडे मोगरी उचलणं सोडाच, धुतलेले कपडेही कुणी वाळत घालत नाही. मेलिआमेने पहाटे उठून खड्ड्यातली चूल पेटवली, दगड तापवले, अळूच्या पुड्या आणि कोनफळं आत पुरली, मुलींच्या वेण्या घातल्या, रिवाजाप्रमाणे कंबरेला चटई बांधली आणि चर्चमध्ये जाऊन बसली. मागच्या बाकावरून खालचा सूर उठला. तिने उजव्या कुशीवर हात ठेवला.

काही नाही.

दुसऱ्या भजनालाही नाही. तिला वाटलं, झोपलं असेल. घरी येऊन तिने सगळ्यांना वाढलं, शेवटी स्वतः जेवली, आणि गाव दुपारच्या झोपेत बुडाल्यावर डाव्या कुशीवर आडवी झाली. डोळे जड होत होते. इतकी दमली होती की झोप म्हणजे एक विहीर आणि ती काठावर उभी. पण ती पडली नाही. वाट बघत राहिली. उठून शहाळ्याचं थंडगार पाणी प्यायली, पुन्हा आडवी झाली. कुशीला आपणच ढोसून पाहिलं. वार पुढे आहे म्हणून असेल, असं मनात आलं, आणि पाठोपाठ आकेसाचा आवाज आला की नेमकं हेच म्हणत घरी बसू नकोस.

सेमिसी चर्चच्या दालनात पुरुषांबरोबर कावा, ते मुळांचं गुंगवणारं पेय, प्यायला गेला होता. वन्सं घोरत होत्या. उठवावं तर सांगायचं काय? बाळ हलत नाही? कालच तर दोन लाथा मारल्या होत्या, सगळ्यांसमोर. ती उठली नाही, आणि तेवढ्यात मुली जाग्या होऊन भूक भूक करत मागे लागल्या. चहा टाकला, पाव कापला. सूर्य कलला. प्रार्थना झाली. कालोलाईनेने तळहाताला खोबरेल लावलं आणि हात बेंबीवर ठेवला.

शेजारणी दारात होत्या. मेलिआमेने सवयीने श्वास रोखला. पोट आवळायचं, सोडायचं, एवढंच काम. मग कालोलाईने हसेल, सगळे हसतील, आणि तिलाही क्षणभर ते खरं वाटेल. तिथेच ती घाबरली. तिने रोखलेला श्वास सोडून दिला.

"काय झालं?" कालोलाईनेने विचारलं. "आज नाही मारत?"

"नाही," मेलिआमे म्हणाली.

हा शब्द त्या घराने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा. थोरली मुलगी मान वर करून बघायला लागली.

"सकाळपासून हललं नाही, वन्सं. आणि इथे तर ते कधीच हललं नव्हतं. वार पुढे आहे, इथे काही लागत नाही. रोजची लाथ मी मारत होते."

दारातली एक शेजारीण चटकन म्हणाली, पुढे वार असली की असंच असतं, माझ्या बहिणीलाही... कालोलाईनेने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गप्प झाली.

"तुला कुठे लागतं?"

"इथे. उजवीकडे, मागे. रोज. आज नाही."

कालोलाईने थोडा वेळ तेलकट तळहाताकडे बघत बसली. मग उठली. थोरलीला म्हणाली, पळ, बापाला सांग गाडी काढ. का ते सांगू नकोस, नुसती काढ म्हण. कोपऱ्यात तिच्यासाठी कुटून घडी करून ठेवलेलं सालीचं कापड होतं, अजून न रंगवलेलं. तिने ते ओढलं, ट्रकच्या मागच्या भागात अंथरलं, मेलिआमेला त्यावर निजवलं आणि स्वतः शेजारी उकिडवी बसली. सेमिसी पुढे गाडी चालवत होता, मागे वळून न बघता. खड्डा आला की कालोलाईने मेलिआमेचं डोकं दोन्ही हातांत धरायची.

"ऑकलंडला मी अख्ख्या आश्रमाला सांगितलंय," ती वाटेत एकदाच बोलली. "सलामाचं."

"चुकलं माझं."

"यापुढे खोटं बोलायचंच असेल तर माझ्या स्वयंपाकाबद्दल बोल. ते मला चालतं."

इस्पितळात आकेसाचीच ड्युटी होती. तिने काही विचारत न बसता पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून आधी नुसती खरखर आली. मेलिआमे छताकडे बघत होती. आकेसाचा हात सरकत खाली गेला, उजवीकडे वळला, आणि ठोके आले. भरभर, एकसारखे, दूर कुठेतरी खूप बायका मिळून साली कुटत असाव्यात तसे.

कालोलाईने भिंतीला टेकली आणि खाली बसली, चटईही न मागता.

आकेसाने कागदावर उमटणारी रेघ बराच वेळ बघितली. ठोके चांगले आहेत, म्हणाली, पण आज जाऊ देणार नाही, हालचाल परत येते का ते बघू. आलीस ते बरं केलंस. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा ये, रोज वाटलं तर रोज ये. उशीर केलास म्हणून ती रागावली नाही, पण सकाळीच का आली नाहीस हे तिने विचारलं. या वेळी कालोलाईने मेलिआमेच्या वतीने बोलली नाही.

बाहेर अंधार पडायला लागला होता. मेलिआमे डाव्या कुशीवर पडली होती. झोप पुन्हा त्या विहिरीसारखी जवळ आली, आणि तेव्हा मागून, कंबरेच्या खोबणीतून, एक ढुशी आली. मग आणखी एक. तिने विचार न करता हात मागे नेला, कालोलाईनेचं मनगट धरलं आणि तिचा तळहात तिथे ठेवला. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला असं धरायचं नसतं. दोघींच्याही ते लक्षात आलं नाही.

कालोलाईने डोळे न मिटता वाट बघत राहिली.

"मला नाही काही लागलं," ती शेवटी म्हणाली.

"मला लागलं."

"खरं?"

"खरं."

"मग झालं." पण तिने हात लगेच काढला नाही. बऱ्याच वेळाने ती गुडघ्यांवर हात रेटून उठली आणि बाहेर गेली.

खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या होत्या. आवारातल्या नीरफणसाखाली सेमिसी ट्रकला टेकून उभा होता. बहीण आत म्हणून तो आत आला नव्हता. मेलिआमेला पावलं ऐकू आली, जरा अलीकडेच थांबलेली. मग कालोलाईनेचा आवाज, भावाकडे नव्हे, त्या झाडाकडे तोंड करून बोलत असल्यासारखा.

"हलतंय म्हणे," तिने झाडाला सांगितलं. "उजवीकडे."

झाडाखाली कुणीतरी खाकरलं. मेलिआमेने हात उजव्या कुशीवर ठेवला आणि झोपून गेली.