दोन जावयांचा घुमट

माझा साडू भिंती चाटायचा. खोटं नाही सांगत. जुनं देऊळ दिसलं, ढासळलेली विहीर दिसली, वाटेवरची मोडकी धर्मशाळा दिसली, की हा पायातल्या वहाणा काढणार, दगडांच्या सांध्यातला चुना नखानं खरवडणार आणि जिभेवर ठेवणार. मग डोळे मिटून उभा. माणसं गोळा व्हायची. "खाडीच्या शिंपल्यांचा चुना हाय," असं म्हणायचा, "आन् गूळ बख्खळ घातलाय. बांधणाऱ्याचा हात सढळ होता." लोक असे बघत राहायचे की जसं काही देवानंच त्याच्या कानात येऊन सांगितलं. मीसुद्धा एकदा चाटून बघितला. माझ्या वाट्याला नेमका नुकताच भरलेला, कच्चा चुना आला. जीभ भाजली, पुढे ताकभातावर दिवस काढले. तर ही गोष्टसुद्धा लोक त्याच्याच कौतुकाला सांगतात, की बघा, ते कोणालाही जमत नाही.

आम्ही दोघं एकाच माणसाच्या हाताखाली गवंडी झालो आणि पुढे त्याच माणसाचे जावई झालो. मामा, म्हणजे आमचे सासरे, शहाडच्या पुढे उल्हास नदीच्या काठाला राहायचे. चुन्याच्या कामात त्यांच्यासारखा माणूस कल्याणपर्यंत नव्हता. मुलगा नव्हता, दोन मुली. थोरली मला दिली, धाकटी त्याला. म्हणजे मान माझा मोठा. पण मामा कुठेही बसलेले असले, कुणी कामाचं विचारायला आलं, की हाक मारणार, "माझा गवंडी कुठं गेला रं?" आणि तो गवंडी म्हणजे साडू. मी समोर बसलेला असायचो. मला मामांची जमीन नको होती, घर नको होतं. एकदा तो शब्द माझ्यासाठी त्यांच्या तोंडून निघावा, एवढंच पाहिजे होतं. त्यात काय जास्त मागितलं?

देश स्वतंत्र झाला आणि कल्याणच्या पलीकडे निर्वासितांची छावणी वसली. शहाडला कारखाना उभा राहायला लागला. सिमेंट आलं. परमिटवर मिळायचं, तरी पण आलं. मी शाळेत दोन पावसाळे गेलेलो, तेवढ्यावर ठेकेदाराच्या हाताखाली मुकादम झालो. मनगटाला घड्याळ आलं. मामांना मुद्दाम दाखवायला गेलेलो. त्यांनी हात धरून घड्याळ कानाला लावलं. "बरं हाय," म्हणाले, "वेळ कळंल." मग लगेच, "माझा गवंडी आज टिटवाळ्याकडं गेलाय. कुणाच्या तरी विहिरीच्या पायऱ्या निसटल्यात."

तो असाच फिरायचा. सायकलच्या मागे थापी, करणी, ओळंबा, आणि चुन्याची बादली हँडलला. लोक त्याला देवळ्या म्हणायचे, पण देवळंच करायचा असं नाही. पिराचा घुमट असो, गुरांचं पाणी प्यायचं जुनं दगडी टाकं असो, सगळं सारखं. कामाला हात घालायच्या आधी दगडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि विचारायचा, "बोल बाबा, कुठं दुखतं?" बायामाणसं हसायची. मला हसू यायचं नाही. मजुरी म्हणून तांदूळ मिळाले तर तांदूळ घेणार, सुकट मिळाली तर सुकट. आमची बायको तर बोंबलाची चटणी करून डब्यात भरून पाठवायची त्याला. "त्या माणसाला खायची आठवण राहात नाय," असं म्हणायची. मला राहायची, म्हणून मला वरणभात.

त्याची सगळ्यात मोठी करामत म्हणजे पिंपळ. आमच्या भागातली निम्मी देवळं पिंपळानं फोडली. पाखरानं बी टाकलं, छपरावर उगवलं, मुळं सांध्यात शिरली. तोडायला कोणी तयार नाही, कारण पिंपळावर मुंजा असतो. मी मुळाशी हिंग घालून झाड मारायचो, काम झटपट. हा काय करायचा? झाडापुढं नारळ ठेवायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, "मालक, इथं गळतंय. तुम्हाला नदीकाठी चांगली जागा बघितलीय." मग एकेक मूळ दगडातून हळूहळू सोडवून, ओल्या गोणपाटात बांधून, सायकलवरून नेऊन नदीकाठी लावायचा. त्याला तो मुंजाचं बिऱ्हाड हलवणं म्हणायचा. शहाडपासून वर नदीला जे पिंपळ ओळीनं उभे होते त्यातले कितीतरी हे असे बिऱ्हाडकरू. जगायचेसुद्धा मेले.

मामांच्या गावात महादेवाचं देऊळ होतं, अजून आहे. काळ्या दगडाचं, बुटकं. पुढच्या मंडपावर घुमट, तो इतका खाली की बैलगाडी भिंतीला लावून वर उभं राहिलं की हात पोचतो. घुमट तडकला होता, चुना झडला होता. गावानं बैठक बोलावली. मी म्हटलं, "हे उतरवा. स्लॅब टाकू. तुमची नातवंडं नाव काढतील."

साडू खाली मान घालून तंबाखू मळत होता. पाटलांनी विचारलं, "देवळ्या, तू बोल की."

"दगड म्हातारा झालाय, मेला नाय," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला घोंगडी देत्यात, का घराबाहेर काढत्यात?"

सगळे हसले. झालं. मी उठून म्हटलं, "घोंगडीतून पाणी गळतं, साडू."

"भिजलेली असली तरी उबदार असते, दादूस."

मामांनी हात वर केला. "दोन जावई, दोन बाजू. उगवतीकडची थोरल्यानं करायची, सिमेंटनं. मावळतीची धाकट्यानं, चुन्यानं. पहिल्या पावसाळ्यात ज्याची बाजू गळंल, त्यानं ती दुसऱ्याला द्यायची. मग सगळा घुमट एकाचा." गावानं मान हलवली. मीही हलवली. असं सरळ सरळ ठरलं होतं, साक्षीला अख्खं गाव होतं, हे लक्षात ठेवा.

मी माझी बाजू उन्हाळ्यात पुरी केली. करडी, गुळगुळीत, साच्यातून काढल्यासारखी. हा मात्र उशिरा लागला, कारण मधेच कुठल्या तरी पाड्यावरच्या बाया आल्या, विहिरीच्या पायऱ्या धड नाहीत, पाण्याला जाताना पाय घसरतो म्हणून. गेला हा तिकडे. परत आला तेव्हा आभाळ भरलेलं. चुना खड्ड्यात पुरता मुरलाच नव्हता. तसाच चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळला, बेलफळाचा गर घातला, गूळ घातला, आणि गावातल्या बायांना लाकडी थाप्या देऊन वर चढवलं. त्या गाणी म्हणत चुना थापटत होत्या. त्यात आमची बायकोसुद्धा. माझ्या बाजूला तिनं कधी पाण्याची कळशी आणून ठेवली नाही.

पाऊस पडला आणि त्याची बाजू गळली. टपटप नाही, धार लागली. मी छत्री घेऊन मुद्दाम गेलेलो बघायला. आत जाऊन बघतो तर काय, सगळं गाव त्याच्याच बाजूला बसलेलं. खाली हंडे, परात, पातेली लावलेली, आणि हा मधोमध, डोकं भिजलेलं. "चूक माझी," म्हणत होता, "चुना कच्चा राहिला. घुमट आंघोळ करतोय, करू द्या." आणि लोक हसतायत. भजन चाललेलं, हंड्यात पाणी पडतंय त्याच्यावर टाळ धरलेला. माझी बाजू खडखडीत कोरडी होती. तिच्याखाली बसायला कोणी नव्हतं.

मी पाटलांना म्हटलं, "ठरलंय ना? त्याची बाजू आता माझी."

"अरे दामू, त्यानं चूक कबूल केली ना? मग झालं की," पाटील म्हणाले. "चुना मुरंल. तो कुठं पळून चाललाय?"

मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "पुढच्या पावसापर्यंत थांब."

शर्यत मी जिंकलो आणि बक्षीस म्हणून मला थांब सांगितलं. असा न्याय जगात कुठे बघितला नाही. माझं गळलं असतं तर हेच लोक छिन्नी घेऊन आले असते.

पुढच्या पावसाळ्यात त्याची बाजू गळली नाही. त्याच्याही पुढच्या नाही. चुना दगडासारखा झाला. माझी बाजू पण गळली नाही, आजपर्यंत कोणी सांगू शकत नाही की थेंब पडला. फक्त आतून ओल यायची. दगडाला घाम फुटावा तशी. आणि दगडाचे पापुद्रे सुटायचे, खालच्या नंदीवर पडायचे. लोक म्हणायचे, सिमेंटनं पाणी आत कोंडलं. मी म्हणायचो, ओल वेगळी आणि गळती वेगळी. गावातली पोरं त्याला दोन जावयांचा घुमट म्हणायला लागली होती. अर्धा पांढरा, अर्धा करडा, मधे सांध्याची रेघ, रस्त्यावरून दिसायची.

एका उन्हाळ्यात साडू आमच्या घरी आला, डोंबिवलीच्या खाडीकडे. एवढ्या लांब सायकलवरून. ओटीवर बसला, पाणी प्याला. बराच वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता.

"दादूस," म्हणाला, "तुझी बाजू उघडली पायजे. दगड आतून सडतोय."

"कोणाची परवानगी घेऊन आलास? मामांची?"

"मामा म्हनतात खरवडून टाक. मी नाय टाकणार. तुझं काम हाय, तुझ्या हातानंच उतरलं पायजे. मी चुना मुरत घातलाय देवळामागं. भरपूर मुरंल या वेळी. मळून देतो, तू लाव."

"तुझ्या चुन्यानं मी काम करू? हात लावून बघ माझ्या बाजूला, मग सांगतो."

तो उठला. रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. दारात थांबून बायकोला म्हणाला, "वयनी, चटणी झकास होती," आणि गेला. त्याच पावसाळ्यात त्याला विषमज्वर झाला. कल्याणच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. शेजारच्या पाच गावांतली माणसं नदीवर आली होती, पिराच्या दर्ग्यातला मुजावरसुद्धा पागोटं सोडून उभा होता. माझ्या मयताला एवढी माणसं येणार नाहीत, हे मी तिथेच मोजून टाकलं.

दिवाळी झाल्यावर मी मामांच्या गावाला गेलो. देवळामागे खड्डा होता, वर ओलं गोणपाट. धाकटी कळशी घेऊन आली आणि त्यावर पाणी ओतायला लागली. पांढरं कपाळ, हात काडीसारखे.

"हे काय करतेस?"

"सांगून गेलेत, वाळू देऊ नको," ती म्हणाली. "भावजींना लागंल."

मी काही विरघळलो नाही. पण गोणपाट बाजूला केलं, चुना बोटात घेतला, तर लोणी. असा माल टाकून देणं गवंड्याला शोभत नाही. ठेकेदाराकडून रजा घेतली आणि माझी बाजू मीच छिन्नीनं उतरवली. सहजासहजी उतरली नाही, हेही लिहून ठेवतो, काम पक्कं होतं. खालचा दगड धुतला, सुकवला, फुटका होता तिथे चिपा बसवल्या. चुना मळला. मामांनी शिकवलेलं मला विसरायला झालं नव्हतं, मला फक्त कोणी विचारत नव्हतं. बाया आल्या, थापटून गेल्या, पण गाणं कोणी म्हटलं नाही. मग गुळगुळीत गोट्यानं मी एकटाच घोटत बसलो. सगळ्यात जास्त घोटला तो सांधा. त्याचा चुना आणि माझा चुना जिथे भेटतो ती जागा. दिसता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

मामांना तोपर्यंत दिसेनासं झालं होतं, सांगितलेलंही ध्यानात राहत नव्हतं. काम झाल्यावर हट्ट धरून बसले, मला घेऊन चला. बैलगाडीत बसवून आणलं, गाडी मंडपाला लावली. दोघांनी धरून उभं केलं. मामांनी दोन्ही हात घुमटावर ठेवले आणि मावळतीकडून चाचपत चाचपत उगवतीकडे आणले. मी गाडीच्या चाकापाशी उभा. हात पुढे गेले, परत मागे आले, बोटं एका जागी थांबली, पुन्हा फिरली.

"सांधा कुठाय रं?"

"नाय सापडत," मामा म्हणाले, आणि त्यांचं तोंड एकदम पोरासारखं झालं. "केलं माझ्या गवंड्यानं. जायच्या आधी थोरल्याची बाजूपण करून गेला, बगा. कुनाला कळलंसुद्धा नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनं तोंड उघडलं, तिचा दंड मी घट्ट धरला. मामा हात घुमटावरून उचलेनात. म्हातारा माणूस, दोन मुलींतली एक विधवा घरी बसलेली.

"होय मामा," मी म्हटलं. "करून गेला."

मामा पुढे फार दिवस राहिले नाहीत. ते बोलले तेच गावानं धरलं. आता तिथे शहरातली माणसं येतात, फोटो काढतात, गावातला कोणीतरी पोरगा त्यांना सांगतो की हा सगळा घुमट देवळ्यानं एकट्यानं वाचवला, इथला गवंडी होता, मोठा माणूस. मीही कधीकधी तिथे कट्ट्यावर बसलेलो असतो. ऐकतो. ते गेले की उठतो, गाडी उभी होती त्या जागी जाऊन वर बघतो. सांधा कुठे आहे ते मला अजून बोट ठेवून दाखवता येईल. पण कोणी विचारलं तरी मी दाखवणार नाही.