पहुडलेली मरिया

इप्पोलिता झानोत्तीची आई बोलोन्यातली सुईण होती. लहानपणी पोरगी तिच्याबरोबर बाळंतिणींच्या घरी पाणी तापवायला जायची. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मग ती वडिलांच्या छापखान्यात शाई लावू लागली. तिचा बाप मार्कांतोनियो तांब्याच्या पत्र्यावर संतांची चित्रं करायचा. पत्र्याला मेण फासायचं, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या, मग तेजाबात बुडवायचं. रेघ उघडी पडेल तिथं तांबं खाल्लं जायचं.

वडिलांची नजर अधू झाली तशी सुई तिच्या हाती आली. सव्विसाव्या वर्षी तिनं येशूजन्माचं चित्र केलं. गोठा, बैल, गाढव सगळ्यांच्या चित्रांत असतं तसंच होतं. पण मरिया गवतावर आडवी पडली होती, डोळे मिटून. योसेफ निखाऱ्यावर फडकं शेकत होता.

सहा प्रती निघाल्या आणि फादर लत्तान्सियो दुकानात आले. चित्र धर्मसंमत असल्याचा शेरा त्यांच्याकडून घ्यावा लागे, त्याशिवाय ते विकता येत नसे.

"ही झोपलीय का?" त्यांनी विचारलं.

"दमलीय."

"देवमातेला वेणा झाल्या नाहीत, पोरी. दमेल कशी? गुडघे टेकून बाळाची पूजा करतेय, असं दाखव."

"नाझरेथहून चालत आली होती, फादर. वेणांचं राहू द्या, पायांचं काय?"

फादरांनी शेरा दिला नाही.

ते गेल्यावर मार्कांतोनियो म्हणाला, "त्यांच्याशी वाद घालतेस? तुझा बाप आता नुसत्या पेजेवर जगतोय, उपाशी मारू नकोस."

तिनं पत्र्यावरची मरिया खरवडली, तेवढा भाग मागून हातोडीनं ठोकून सपाट केला आणि गुडघे टेकलेली मरिया काढली. तीन दिवस लागले. योसेफाला कुणी हरकत घेतली नव्हती, म्हणून त्याचं फडकं तसंच राहिलं. ते चित्र पुढं वीस वर्षं खपलं. आधीच्या सहांपैकी पाच प्रती तिनं आईच्या ओळखीच्या सुइणींना वाटल्या. त्या बाळंतिणीच्या उशाशी लावायच्या.

नऊ वर्षांनी फादर पुन्हा आले. टोपी हातात होती.

"भाची दोन दिवस अडलीय. सुईण म्हणते, ते चित्र हवं. तिच्याकडचं फाटलं."

"कुठलं चित्र?"

"तुला माहीत आहे कुठलं ते."

इप्पोलितानं फळीवरून सहावी प्रत काढली, धूळ पुसली आणि दिली. भाची वाचली, मूल वाचलं नाही. भाचीनं ते चित्र आपल्या खोलीत तसंच लावून ठेवलं. फादर तिच्या घरी जेवायला येत तेव्हा त्याच्याकडे पाठ करून बसत. काढ मात्र म्हणाले नाहीत.