साडभाऊंनी निवडलेली पोरं

अमेरिकेतल्या बास्केटबॉलबद्दल ठाम मतं असलेला माणूस अख्ख्या जाफराबाद तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे हे साडभाऊ टेंभुर्णीत बी-बियाण्यांचं दुकान चालवतात. उंची जेमतेम सव्वापाच फूट, आणि बास्केटबॉल त्यांनी जन्मात हातात धरलेला नाही. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या टीव्हीवर हा खेळ पाहिला आणि जो नाद लागला तो लागला. त्यातही सामन्यांत त्यांचा फारसा जीव नाही. जीव आहे तो ड्राफ्टमध्ये. म्हणजे दर जूनच्या अखेरीस तिथले संघ एकेक करून नवी पोरं निवडून घेतात, तो कार्यक्रम. मागच्या साली जे हरले त्यांना साधारणपणे आधी निवडायला मिळतं, हा नियम साडभाऊंना फार आवडतो. "हरलेल्याला पहिला मान! आपल्याकडं हाय का असा कायदा?" असं ते मला दरवर्षी नव्या उत्साहानं विचारतात.

तिथली रात्र म्हणजे आपल्याकडे उजाडायची वेळ, आणि जूनअखेर म्हणजे पेरणीची घाई. दुकानासमोर गिऱ्हाईक ताटकळलेलं, आणि साडभाऊ सोयाबीनच्या थैलीला मोबाइल टेकवून समोर मांडी घालून बसलेले. एका साली केदारखेड्याहून आलेले एक म्हातारबाबा वैतागले. "शेठ, त्या लांबड्या पोराचं त्याचा बाप पाहील. तुम्ही माझ्या दोन थैल्या द्या जल्दी." साडभाऊ म्हणाले, "बाबा, चौथा कोण जातो तेवढं पाहू द्या, मंग देतो." म्हातारबाबा चरफडत शेजारी टेकले, पण चौथा मुलगा पडद्यावर चालत आला तसे पुढे सरकून म्हणाले, "याचा गुडघा बराबर न्हाई." दोघांची त्यावरून चांगलीच जुंपली. रांगेतली बाकीची मंडळी थैल्या विसरून गुडघ्यावर मतं देऊ लागली. पुढे त्या पोराचा गुडघा खरंच गेला. तेव्हापासून म्हातारबाबा बी घ्यायला आले की साडभाऊ त्यांना आधी चहा पाजतात.

मोठ्या झालेल्या खेळाडूंबद्दल त्यांना काही बोलायचं नसतं. "त्यांचं कौतुक करायला दुनिया हाय," म्हणतात. त्यांच्या तोंडी असतात ती पोरं, जी वाजतगाजत निवडली गेली आणि पुढे बाकावर बसून राहिली. कुणाला प्रशिक्षक चुकीचा मिळाला, कुणाला घाई नडली, कुणी आईपासून फार लांब गेला. प्रत्येकाची बाजू ते वकिलासारखी मांडतात. 'वाया गेला' हा शब्द त्यांना चालत नाही. बियाण्याची उगवण तपासायला ते ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतात. त्यातले न उगवलेले दाणे लोक फेकून देतात, आमचे साडभाऊ ते दुकानामागच्या बादलीत पुरून ठेवतात. त्यातलं कधीमधी एखादं वर येतं, आणि मग आम्हा सगळ्यांना ते पाहायला जावं लागतं.

अक्काचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं मत मात्र वेगळं आहे. "हे ज्याला निवडताना पाहतात अन् वाखाणतात, ते लेकरू सालभरात लंगडतंच. यांची नजरच लागती," असं ती चारचौघांत सांगते. साडभाऊ मोठ्यानं हसतात, पण हसता हसता त्यांचा चेहरा पडतो, हे मी पाहिलेलं आहे.

मी हे सगळं मजेनं सांगतो आहे खरा, पण त्यांनी निवडलेल्या पोरांत एक मीही आहे. माझ्या बायकोसाठी दोन स्थळं होती. एकाची बागायती होती. दुसरा मी, जाफराबादच्या एका कचेरीतला कारकून. सासरे बागायतीकडे झुकले होते. थोरले जावई म्हणून साडभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "मामा, हाच घ्या. आज काही न्हाई, पण पोरात दम हाय. साहेब होईल." याला अठरा वर्षं झाली. विभागीय परीक्षेला मी तीनदा बसलो, तीनदा आपटलो आणि नाद सोडला. बागायतीवाल्याची आता ट्रॅक्टरची एजन्सी आहे. दर दिवाळीला सासरे साडभाऊंना म्हणतात, "काय, तुमची निवड!" आणि साडभाऊ दर दिवाळीला तेवढ्याच शांतपणे म्हणतात, "थांबा मामा, टाइम लागून राह्यला."

यंदा वयाच्या अटीप्रमाणे माझी शेवटची संधी होती. अर्ज साडभाऊंनीच मागे लागून भरायला लावला. परीक्षा जालन्याला, आणि तारीख आली नेमकी ड्राफ्टची. मी त्यांना फोनवर भीत भीत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

ऐन पेरणीत दुकानाला कुलूप लावून ते साडेपाचला मोटरसायकल घेऊन माझ्या दारात हजर. जालन्यापर्यंत त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरत होता. त्यांनी हात लावला नाही. केंद्राच्या फाटकाशी मला उतरवलं आणि एकदम पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"अहो, काय झालं?" मी विचारलं.

"जा तुम्ही. मी बिलकुल पाहत न्हाई."

मला हसू येईना आणि रडूही येईना. तीन तास मी खाली मान घालून लिहीत होतो. साहेब व्हायची हौस माझी कधीच फिटली होती. पण येत्या दिवाळीला सासऱ्यांसमोर या माणसाचं एक तरी पोर उभं राहावं, एवढं मला फार मनापासून वाटत होतं.

बाहेर आलो तर साडभाऊ समोरच्या पारावर बसलेले, फाटकाकडे पाठ करून.

"पहिला कोण गेला?" मी मागून विचारलं.

"न्हाई पाह्यलं अजून," ते मान न वळवता म्हणाले. "आधी तुमचं सांगा."

निकाल अजून लागायचा आहे. पण त्या दिवशी मी म्हणालो, "बरा गेला. खरंच बरा गेला, साडभाऊ."

ते पाठमोरेच हळू आवाजात म्हणाले, "मंग वळू का आता?"