सव्वीस जानेवारीच्या यादीतलं एक नाव

प्रसादची शपथ शुक्रवारी होती. अमेरिकेत सकाळी नऊ, म्हणजे आमच्या बेंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी साडेसात. आठ दिवस आधीच त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं, "बाबा, तिथल्या नागरिकत्वाच्या शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडतो अशी ओळ आहे. तुम्ही हो म्हटलंत तरच मी हॉलमध्ये जाईन."

मी सत्तावीस वर्षं फौजेत होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. रंगरूट असताना कसम परेडला झेंड्यासमोर शपथ घेतलेली. एक माणूस, एक शपथ, असं माझं सरळ गणित. म्हणून आठ दिवसांत मी त्याला हो म्हटलं नाही, आणि नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. नोकरी, घर, बायको-पोर, त्याचं सगळं तिकडे.

शुक्रवारी पहाटे पाचला उठलो, त्यानंतर बूड टेकलं नाही. टीव्हीवर अमेरिकेचीच चर्चा. खरा अमेरिकन कोण, बाहेरून आलेल्यांनी राहावं की जावं, तिथे जन्मलेली पोरं कुणाची. सगळे सूटवाले, उचलली जीभ लावली टाळ्याला. माझी नात इरा तिथेच जन्मली. तिला शाळेत एका मुलीने विचारलं, तुम्ही परत कधी जाणार? आठ वर्षांची पोर घरी येऊन आईला विचारते, परत म्हणजे कुठे? मी टीव्ही बंद केला, लावला, पुन्हा बंद केला. दुपारपर्यंत तीनदा दूध आणायला खाली उतरलो. तिसऱ्या खेपेला दुकानदार मंजुनाथ म्हणाला, "सार, स्वल्प कूतकोळ्ळी." जरा बसा, म्हणे. मी बसलो नाही.

मी मूळ निपाणीचा. बेंगळुरात मला मराठी म्हणतात, आणि पुण्याला मेहुण्याकडे गेलो की मी कानडी अप्पा. त्याची मला सवय आहे. त्या दिवशी चैन पडत नव्हतं ते दुसऱ्याच कारणाने. लान्स नाईक मानबहादूर आठवत होता.

पुष्कळ वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत आमच्या पलटणीने उत्तर सीमेवरची एक पोस्ट गोरखा पलटणीकडून ताब्यात घेतली. अशा वेळी जुन्या पलटणीची एखाद-दोन माणसं नव्यांना वाटा दाखवायला मागे राहतात. आमच्याकडे मानबहादूर राहिला. नागरिक नेपाळचा, वर्दी भारताची. गोरखा पलटणींत अशी पुष्कळ माणसं असतात, सिव्हिलियन लोकांना हे सहसा ठाऊक नसतं. बर्फात पाय कुठे ठेवायचा, समोरची मॉर्टार, म्हणजे उखळी तोफ, कुठून बोलते, सगळं त्याला पाठ. मी तेव्हा नाईक होतो, दहा माणसांच्या सेक्शनचा कमांडर. वय सत्तावीस, अक्कल त्याहून बरीच कमी.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारबंद, आपापल्या मोर्चावर, खंदकातल्या ठरलेल्या जागी. सातला चहा. मग दिवसभर बर्फ उपसायचा. पंचवीस तारखेला दुपारी मी दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाच्या गार्डची यादी करायला बसलो. सहा नावं लिहिली. सहावं मानबहादूरचं, कारण ड्रिल त्याचं सगळ्यांत चोख होतं. मग मनात आलं, हा तर नेपाळचा. आपल्या झेंड्याला आपल्या माणसाने सलामी द्यावी. कुणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. मीच ते नाव खोडलं आणि त्याला दोन नंबरच्या मोर्चावर संत्री म्हणून पहाऱ्याला लावलं.

"कल झंडा हमारा है," मी त्याला म्हणालो. "तू मोर्चे पे रह."

त्याने टाचा जुळवल्या. "ठीक है, उस्ताद."

त्याने बूट आधीच पॉलिश करून ठेवले होते. ते मला दिसले, तरी मी यादी बदलली नाही.

माझ्या बायकोने, सुशीलाने, पत्रातून झेंडूच्या सुकवलेल्या पाकळ्या पाठवल्या होत्या. त्या झेंड्यात घालून, झेंडा गुंडाळून खांबाच्या टोकाला बांधला. सकाळी आठला दोरी ओढायची होती. ७:५५ला गार्ड उभा राहिला. ७:५८ला फील्ड टेलिफोन वाजला, दोन नंबरवरून मानबहादूर.

"उस्ताद, उधर मॉर्टार पे हलचल है. सबको नीचे करो. अभी!"

मी "डाउन!" ओरडलो. सगळे खंदकात. पहिला गोळा आम्ही उभे होतो तिथे पडला. दुसरा दोन नंबरच्या मोर्चावर.

"दो नंबर, जवाब दो. दो नंबर." लाइन मुकी.

८:४०ला मारा थांबला. मी रेडिओवर कंपनीला कळवलं, "एक शहीद. ओव्हर."

"किस पलटन का? ओव्हर."

"अपना है, साब. ओव्हर." हे म्हणायला मला एक दिवस उशीर झाला होता.

पोस्टवर झेंडा एकच होता. खांब वाकला होता, पण गुंडाळी तशीच वर होती. ती खाली घेतली आणि गाठ मी हाताने सोडली. त्याच्यावर झेंडा पसरताना पाकळ्या त्याच्या छातीवर पडल्या. सेक्शन कमांडरने जवानांसमोर रडू नये म्हणतात. मी रडलो.

आमच्याकडे रिवाज आहे. स्मरणाच्या परेडला शहिदाचं नाव पुकारलं, की त्याच्या सेक्शनने एका आवाजात 'हाजिर है' म्हणायचं. मानबहादूरचं नाव त्याच्या पलटणीत पुकारतात. आमच्या यादीत ते कधीच आलं नाही, आणि यावं असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी सहाला सुशीलाने चहा पुढे ठेवला. "काय ठरवलंत?"

मी तिला सगळं सांगितलं. गोळा आणि पाकळ्या तिला माहीत होत्या. खोडलेलं नाव माहीत नव्हतं.

"इतकी वर्षं पोटात ठेवलंत?" ती म्हणाली. "तो गेला तो काय पासपोर्ट बघून गेला का? लावा पोराला फोन."

प्रसाद निघायच्या तयारीत होता, टाय बांधलेला. त्यालाही मी सगळं सांगितलं.

"बाबा, मग मी काय करू?"

"जा," मी म्हणालो. "मानबहादूर नेपाळचा होता, त्याने आमची शपथ घेतली आणि ती पाळली. पण कागदासाठी घेऊ नकोस, मनापासून घे. आणि उद्या तिथे तुझ्या हातात यादी आली, तर कुणाचं नाव खोडू नकोस."

"नाही खोडणार," तो म्हणाला. "पोस्टवर त्याला सगळे काय हाक मारायचे?"

"मान," मी म्हणालो.

साडेसातला मी घरच्या हॉलमध्ये सावधान उभा राहिलो. गुडघे कुरकुरतात आता, पण टाचा जुळल्या. मोठ्याने पुकारलं, "लान्स नाईक मानबहादूर!"

उत्तर द्यायला सेक्शन नव्हतं. सुशीलाने गॅस बंद केला, पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि म्हणाली, "हाजिर है."