गोठ्यामागला निळा ड्रम

...तर काल आपण बेसनाच्या डब्यापाशी थांबलो होतो. डबा पुन्हा हलका लागला आणि विठाबाई त्याच्यासमोर फतकल मारून बसल्या. घरात माणसं दोनच, एक त्या आणि एक त्यांचे मालक अण्णाराव. भजी झाली नाहीत, पिठलं झालं नाही, मग पीठ गेलं कुठं?

अण्णाराव मुरुडजवळचे. जमीन थोडकी, हात मात्र गुणाचा. त्यांनी लावलेलं वांगं कधी मेलं नाही. पण तरुणपणापासून दारूचा नाद असा, की बाजाराहून येताना बैलच त्यांना घरी आणायचे. राजकन्या नावाच्या लेकीच्या लग्नात तर कहरच झाला. कन्यादानाला बाप सापडेना. अख्ख्या मांडवानं शोधला, तेव्हा आचाऱ्याच्या पातेल्यांमध्ये फेटा उशाला घेऊन घोरत होता. त्या दिवशी विठाबाई शांतपणे एवढंच म्हणाल्या, "आता परत वास आला, की मी लेकीकडं विष्णुपुरीला. कायमची."

अण्णारावांनी खंडोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली आणि दारू खरोखर सोडली. गावानं मात्र मानलं नाही. हा कधी घसरतो, याची गाव चवीनं वाट बघत होतं.

त्यात शेजारची कावेरीबाई कुंपणावरून वाकली. "वैनी, सांगू का नको? अण्णाभावजींनी महादेवप्पाच्या दुकानातून काळा गूळ नेला. ढेप की हो!"

"चहाला नेला असंल."

"तुमच्यात चहा साखरेचा. मला काय म्हाईत न्हाई व्हय?"

काळा गूळ कशाला नेतात, हे त्या भागात लेकराला विचारलं तरी सांगेल. विठाबाईंच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. गूळ दारूच्या भट्टीला. बेसन भज्यांना. भजी दारूसंगं खायला. म्हणजे वर चकणासुद्धा आपल्याच डब्यातला!

मग त्यांनी पाळत धरली. मालक सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन गोठ्यामागं जातात. परत येऊन साबणानं हात धुतात. ज्या माणसानं जन्मभर हात धोतराला पुसले, त्याला साबण आठवला! चहाची कपबशी देताना विठाबाई मुद्दाम खाली वाकल्या आणि तोंडाचा वास घेतला. तंबाखूचा आला.

"काय गं?"

"काय न्हाई. माशी बसली होती."

पण खात्री होईना. कपड्यांचं गाठोडं बांधून त्यांनी दाराआड ठेवलं. एका दुपारी अण्णाराव गाईला पाण्यावर घेऊन गेले, तशा विठाबाई आणि कावेरीबाई दोघी गोठ्यामागं निघाल्या.

सावलीत निळा ड्रम, वर ओलं पोतं. विठाबाईंनी पोतं बाजूला केलं. आत बुडबुडे, फेस, आणि तो ओळखीचा आंबटगोड वास. जन्मभर उशाशी झोपलेला वास.

"घ्या. पक्की आंबलीय," कावेरीबाई म्हणाली.

विठाबाईंनी शेजारचा धोंडा उचलला. ड्रमावर घालणार, तोच मागून आवाज आला, "अगं फोडू नको! दोन्ही वाफ्यांचं हाय ते!"

अण्णाराव गाय तशीच सोडून धावले. बोलण्यात वेळ न घालवता त्यांनी काठी आत घालून तळ ढवळला. खालून शेणाचा चोथा वर आला, आणि गोमूत्राचा असा भपकारा सुटला की कावेरीबाईनं पदर नाकाला लावला.

"जीवामृत हाय हे," अण्णाराव म्हणाले. "मुरुडच्या शेतीशाळेत शिकवलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधाखालची मूठभर माती. आंबलं की पाणी मिसळून झाडाच्या बुडाला घालायचं." त्यांनी तांब्याभर काढलं, बादलीभर पाण्यात मिसळलं आणि वांग्यांना घालायलाच लागले.

"आता वांगी झिंगत्याल की हो भावजी," कावेरीबाई म्हणाली. "आमच्या घरी देऊ नका, आमच्या मालकाला निमित्तच पायजे." आणि हसत हसत गेली, गावाला सांगायला.

विठाबाई हसल्या नाहीत. त्यांनी धोंडा खाली ठेवला खरा, पण नजर हलवली नाही.

"झाडाचं खत हाय, तर मपल्यापासून कामून लपवलं? पीठ मागितलं असतं तर दिलं नसतं का मी? खरं सांगा. हा वास आला, की तुमचं प्यायचं मन होतं का न्हाई?"

अण्णारावांनी बादली ठेवली. ड्रमावर पोतं पुन्हा नीट ओढलं. मग म्हणाले,

"होतं की. रोज होतं. म्हणून ड्रमात आधी शेण टाकतो, मंग गूळ. नुसतं गूळपाणी घटकाभर जरी ठेवलं, तर मपला मपल्यावर भरवसा न्हाई. हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"