रागीच्या पिठातला रस्ता

भुतंखेतं, करणी, अंगात येणं, असलं मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. इथं लोक लिहितात, पांढरी साडी, उलटे पाय... ते वाचून मला झोप येते. तेव्हा कमेंटमध्ये मला धीर द्यायला येऊ नका, आणि कुठल्या महाराजांचा नंबर तर अजिबात देऊ नका. झालं ते सांगतो. पटलं तर वाचा, नाही तर सोडा.

आम्ही बेंगळूरचेच. पणजोबांच्याही आधीपासून इथं. चिकपेटेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, डोळ्यांनी दगा दिला तेव्हा बंद केलं. शाळा चौथीपर्यंत, ती पण कन्नड. मराठी लिहायला शिकवलं ते बायकोनं, अंबूनं. ती निपाणीची. आता मी जे. पी. नगरला मुलाकडं असतो. पहिला मजला, हॉलची खिडकी रस्त्यावर, खिडकीखाली अंबूची खाट. त्याच खाटेवर ती गेली. भर दुपारी, मी आत चहा टाकत होतो तेवढ्यात. हाक नाही, काही नाही.

मुलगा दिनेश बँकेत आहे. सून श्वेता पुण्याची. तिचं ऑफिस एचएसआर लेआउटला, पण बहुतेक दिवस घरूनच काम. काम काय, तर पोरं कॉम्प्युटरवर गाड्या पळवायचे खेळ खेळतात ना, त्यातली जमीन बनवायची. झाडं दुसरा कोणी करतो, गाड्या तिसरा. हिच्याकडं खडी, चिखल, कच्चे रस्ते. अंबू म्हणायची, खोटी माती करायला हिला पगार मिळतो आणि खऱ्या मातीचे पाय घेऊन मी घरात आले तर ही तोंड वाकडं करते. दोघींचं फारसं जमत नव्हतं. माझं आणि श्वेताचं तर त्याहून नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. माणूस जिथं गेलं तिथं दिवा लावायचा, शेजारी परातीत पीठ चाळून सपाट करायचं आणि वर टोपली पालथी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलून बघायचं. पाऊल, पाखराची नखं, काय उमटलं असेल त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या वाटेनं गेलं ते मोठी माणसं सांगतात. गव्हाचं पीठ घरात संपलेलं. माझी बहीण आली होती, तिला सगळे अक्काच म्हणतात. ती म्हणाली, रागीचं घाला, पीठ ते पीठ. रागी म्हणजे तुमची नाचणी. लालसर, तपकिरी.

सकाळी टोपली उचलली. काही नाही. मी हातानं सपाट केलं होतं तसंच्या तसं. अक्का म्हणाली, सरी, म्हणजे ठीक, चांगलं झालं, कशात अडकली नाही. मला चांगलं वाटलं नाही. जन्मभर एका चुलीवरचं खाल्लं आणि जाताना बोट टेकवावंसं पण वाटलं नाही हिला. मी म्हटलं, फेकून द्या ते पीठ.

फेकायच्या आधी श्वेतानं परातीवर मोबाइल धरून फोटो काढला, ते मी पाहिलं होतं. आईला पाठवत असेल म्हणून सोडून दिलं.

पुढं काही आठवड्यांनी, शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती तिच्या खोलीतनं बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"बाबा, माझ्या लॅपटॉपला हात लावला होतात का?"

"मला तुझा तो डबा उघडता पण येत नाही. हात लावायची हौस पण नाही."

मग म्हणाली, एकदा येऊन बघा. तिनं मला असं कधी बोलावलं नव्हतं. म्हणून गेलो.

स्क्रीनवर मातीचा एक चौकोनी तुकडा होता. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत असं. सगळा रस्ता कोणी काढत बसत नाही. मातीचा एक तुकडा करायचा, आणि तोच शेजारी शेजारी लावत जायचा. चौकटीच्या कापडाला जोड देताना रेघ रेघेला मिळवतो तशा त्याच्या कडा मिळवायच्या. वरून खडे, टायरच्या चाकोऱ्या, भेगा, एकावर एक थर चढवायचे. तुकड्यात डोळ्यात भरेल असं मात्र काही ठेवायचं नाही. एक वेगळा दगड राहिला तर तोच दगड रस्ताभर पुन्हा पुन्हा दिसतो आणि खोटेपणा उघडा पडतो. तसलं काही दिसलं की चांगल्या जागची माती उचलून त्याच्यावर ठोकायची. त्याला शिक्क्यासारखं एक हत्यार असतं.

तुकड्याच्या मधोमध एक डाग येतोय, म्हणाली. पुसते, सेव्ह करते, परत उघडलं की आहेच. आणि दर वेळी आधीपेक्षा खोल. ऑफिसातला तिचा वरचा, हिंदीवाला पोरगा, त्यानंही सकाळी फोन करून विचारलं होतं, ये पैर किसका है.

मी चष्मा लावून वाकलो. उजवं पाऊल. अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं. शुगरमुळं अंबूचं अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं होतं. त्यातलं जोडवं तिनं पुढच्या बोटात चढवलं होतं. त्या बोटाच्या मुळाशी कडीची खूण होती.

मी विचारलं, ही माती कुठली. ती माझ्याकडं बघेना.

"त्या दिवशीची, परातीतली. असा बारीक धुरळा मला कुठंच मिळत नव्हता, बाबा."

"माझ्या बायकोच्या पिठावरनं गाड्या पळवणार तू?"

"त्यात काहीच नव्हतं. फेकून द्या असं तुम्हीच म्हणालात ना?"

तिनं मोबाइलमधला मूळ फोटो काढून दाखवला. मी मोठा करून करून पाहिला. सपाट. टोपली उचलल्यावर मी पाहिलं होतं तसंच.

आवाज ऐकून दिनेश आला. त्याचं आपलं नेहमीचं, अण्णा, स्वल्प शांत व्हा, सावली असते, आपल्याला बघायचं असतं तेच दिसतं. मी म्हटलं, तुझ्या आईचा पाय आहे, ओळख. त्यानं पाहिलं आणि माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाला, पूस, माझ्यासमोर पूस. तिनं पुसलं. माती अशी जुळली की तिथं कधी काही नव्हतंच. सेव्ह केलं, सगळं बंद केलं, परत उघडलं. पाऊल होतं. टाच आधी नीट दिसत नव्हती, आता तीही आत रुतलेली. दिनेशनं खिडकीची चौकट धरली.

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. आली होती ना शेवटी. पाऊल टेकवलं होतं. मी खुर्ची ओढून लॅपटॉपसमोर बसलो आणि सांगितलं की हे आता कोणी पुसायचं नाही. श्वेता म्हणाली, सोमवारी हे द्यायचंय, आधीच एकदा परत आलंय, माझी नोकरी जाईल. जाऊ दे, म्हटलं. आणि वर म्हटलं,

"तिचा राग आहे तुझ्यावर. म्हणून असा दाबून पाय टाकतेय."

म्हणायला नको होतं असं दिनेशच्या तोंडावर दिसत होतं. श्वेता रडेल असं मला वाटलं. रडली नाही. माझ्या हाताखालून लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"असेल. मग रागारागानं त्या कुठं चालल्यात तेही बघून घ्या."

तिनं तो तुकडा रस्त्याला लावला.

सगळा कच्चा रस्ता समोर आला. दोन्ही बाजूंना गवत, लांब डोंगर. आणि रस्ताभर तेच पाऊल. आपल्यापासून निघालेलं, पुढं पुढं गेलेलं, वळणावर पण, चढावर पण. एकाच्या पुढं एक, सगळी उजवीच. डावं कुठंच नाही. त्या पायानं अंबूला आमच्या गल्लीच्या टोकाच्या दूधवाल्यापर्यंत जाववत नव्हतं. मध्येच कोणाच्याही पायरीवर बसायची आणि मी आलो की म्हणायची, चला, झाली माझी तपासणी, या घरची फरशी स्वच्छ आहे.

मी विचारलं, रस्ता संपतो कुठं.

"संपत नाही. गोल असतो ना ट्रॅक. फिरून परत इथंच येतो."

श्वेताचा आवाज आता भांडणाचा नव्हता. तिनंच विचारलं, "बाबा, ठेवू की पुसू?"

उठून स्वयंपाकघरात गेलो, माठातलं पाणी प्यायलो. तिथंच कट्ट्याला टेकून उभा राहिलो. ठेव म्हटलं असतं तर तिनं ठेवलं असतं, मला माहीत होतं. नोकरी गेली असती तरी ठेवलं असतं. मला ते पाऊल पाहिजे होतं. घरात त्याशिवाय तिचं होतं काय, दोन साड्या आणि औषधांचा डबा.

परत तिच्या खोलीच्या दारात आलो आणि म्हटलं, "पूस. परातीचा फोटो पण. सगळं काढून टाक. तिला म्हणावं, बस आता, चालू नकोस."

श्वेतानं डोळ्यांवरचे हात काढले आणि तुकडा उघडला. नुसती माती होती. मग तिनं रस्ता उघडला. टायरच्या चाकोऱ्या, खडे, धुरळा. पाऊल एकही नाही. तिनं काहीच पुसलेलं नव्हतं.

तरी तिनं सगळं काढून टाकलं. रविवारी दोघं गाडी घेऊन गावाबाहेर गेले आणि खऱ्या कच्च्या रस्त्याचे फोटो काढून आणले. त्यावर तिनं नवा तुकडा केला, तो ऑफिसात पास झाला. श्वेता आणि मी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतो, पण आता सकाळचा चहा ती माझ्यासमोर बसून पिते. दिनेशनं त्याच्या एका कॉम्प्युटरवाल्या दोस्ताला विचारलं. तो म्हणाला, जुनी फाइल पुन्हा उघडत असेल. पण जुन्या फाइलीतलं पाऊल दर वेळी खोल होत जाईल कसं?

तुम्हाला काय कारण काढायचं ते काढा. मला त्यात रस नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी होती, ती कोणी सांगू शकत नाही. मी स्वयंपाकघरात होतो. दिनेश खिडकीबाहेर तोंड करून उभा होता. श्वेतानं डोळे झाकले होते. स्क्रीनकडं त्या वेळी कोणीच बघत नव्हतं. मी पूस म्हणायच्या आधीच अंबू निघून गेली होती, की माझं ऐकून गेली?